मांजराचं अंग फडफडतंय?

झोपेत मिशा थरथरणं, पंजे उडणं, शेपटीचं टोक हलणं यात काळजीचं काही नाही. स्वप्न चाललेलं असतं. हळूच हाक मारा. डोळे उघडून तुमच्याकडे त्रासिक नजरेनं पाहिलं, की विषय संपला.

जागेपणी मात्र कान सारखे फडफडत असतील, पाठीची कातडी लाटेसारखी हलत असेल किंवा चाल डगमगत असेल, तर आधी आठवा: कुत्र्याचं गोचिडांचं औषध घरात वापरलंय का? मानेवर टाकायच्या त्या थेंबांत बऱ्याचदा परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला विष. नुकतं औषध लावलेल्या कुत्र्याला मांजर बिलगलं तरी बाधा होऊ शकते. लगेच डॉक्टरांना फोन करा आणि औषधाचं पाकीट सोबत न्या. मांजर शुद्धीत असेल तर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून अंग धुवा. गरम पाणी नको.

पिल्लांना पाजणारी मांजरी थरथरत असेल तर कॅल्शियम घटलेलं असू शकतं; इन्सुलिनवरच्या मांजराची साखर. दोन्हींत लगेच दवाखाना.

आकडीचा झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा चोवीस तासांत दुसरा आला, तर रात्र असली तरी निघा. तोंडात बोट घालू नका. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या, कारण डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं की बहुतेक मांजरं अगदी साळसूद होतात.