लॉक केल्यावर स्क्रीन आपोआप काळी कशी करायची

कॉम्प्युटर लॉक करणं आणि स्क्रीन बंद करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांची घड्याळंही वेगळी चालतात. म्हणूनच लॉक केल्यावरही लॉगिनची पाटी उजळत राहते. लॅपटॉपची बॅटरी त्यात जाते, आणि ओएलईडी स्क्रीनवर तर एकच चित्र तासन्‌तास ठेवूच नये. स्क्रीन बंद करणं म्हणजे मशीन झोपवणं नव्हे. डाउनलोड, बॅकअप मागे चालूच राहतात.

विंडोज

विंडोज की आणि एल दाबून लॉक केल्यावर स्क्रीन किती वेळाने बंद व्हावी याची सेटिंग आहे, पण ती लपवलेली असते. ती दिसण्यासाठी रजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलण्याचं साधन) उघडा आणि एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, पॉवर, पॉवर सेटिंग्ज असे आत जा. तिथे ७५१६बी९५एफ ने सुरू होणारं फोल्डर आणि त्यात ८ईसी४बी३ए५ ने सुरू होणारं फोल्डर सापडेल. आधी ‘एक्स्पोर्ट’ करून त्याची प्रत ठेवा. मग ‘ॲट्रिब्यूट्स’ची किंमत १ असते ती २ करा.

आता कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, चालू प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’खाली ‘कन्सोल लॉक डिस्प्ले ऑफ टाइमआउट’ दिसेल. आकडा मिनिटांत आहे, म्हणून इथे सर्वांत कमी १. शून्य टाकलं तर स्क्रीन कधीच बंद होणार नाही. बरेच जण ‘ताबडतोब’ समजून शून्य टाकतात आणि नेमकं उलटं होतं. लॅपटॉपवर बॅटरी आणि चार्जर, दोन्हींचे आकडे बदला.

मॅक

इथे सर्वांत सोपा मार्ग हॉट कॉर्नर, म्हणजे माउस स्क्रीनच्या कोपऱ्यात नेला की ठरवलेलं काम होणं. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘डेस्कटॉप अँड डॉक’च्या तळाशी ‘हॉट कॉर्नर्स’ आहे. एका कोपऱ्याला ‘पुट डिस्प्ले टू स्लीप’ द्या. निवडताना कमांड की दाबून ठेवली, तर ती की दाबलेली असतानाच कोपरा काम करतो, चुकून माउस गेला म्हणून स्क्रीन जात नाही. मग ‘लॉक स्क्रीन’मध्ये पासवर्ड मागण्याची वेळ ‘इमिजिएटली’ करा. हे राहिलं, तर स्क्रीन काळी दिसेल पण मशीन उघडंच असेल.

लिनक्स

केडीई प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपमध्ये पॉवर मॅनेजमेंटमध्येच लॉक असतानाची वेगळी वेळ देता येते. आय३ सारख्या, एक्स११ या जुन्या डिस्प्ले प्रणालीवरच्या साध्या विंडो मॅनेजरमध्ये (विंडो मांडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मात्र स्क्रिप्ट लिहावी लागते.

बहुतेक जण आय३लॉक हा स्क्रीन लॉक करणारा प्रोग्रॅम चालवून लगेच ‘एक्ससेट डीपीएमएस फोर्स ऑफ’ ही स्क्रीन बंद करण्याची आज्ञा देतात. स्क्रीन जाते आणि क्षणात परत येते. कारण शॉर्टकट दाबलेलं बोट तेव्हा उचललं जातं, आणि की सुटणं हीसुद्धा हालचालच मोजली जाते. मध्ये एका सेकंदाचा ‘स्लीप’ (थांबण्याची आज्ञा) टाकला की हे थांबतं. पण दुसरी अडचण उरते: नंतर टेबलाला धक्का लागून माउस हलला, की स्क्रीन नेहमीच्या वेळेपर्यंत, म्हणजे बहुधा १० मिनिटं, चालू राहते.

म्हणून आमची पसंती दुसऱ्या रीतीला. स्क्रिप्टमध्ये आधी ‘एक्ससेट डीपीएमएस ५ ५ ५’ द्या. हे तीन आकडे स्टँडबाय, सस्पेंड आणि ऑफ यांचे सेकंद. मग आय३लॉक ‘वजा एन’ पर्यायासह चालवा. या पर्यायामुळे तो पार्श्वभूमीत जात नाही आणि स्क्रिप्ट कुलूप उघडेपर्यंत तिथेच थांबते. शेवटच्या ओळीत जुने आकडे परत द्या, उदाहरणार्थ ६०० ६०० ६००. आता कितीही वेळा धक्का लागला तरी पाच सेकंदांत स्क्रीन पुन्हा काळी. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. वेलँड या एक्स११ च्या जागी आलेल्या प्रणालीवर एक्ससेटने स्क्रीन बंद होत नाही. तिथे त्या-त्या कंपोझिटरचीच (स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचीच) सोय वापरावी लागते.

तरीही स्क्रीन जागी होत असेल तर

माउस उलटा करून ठेवून पाहा. चकचकीत पृष्ठभागावर ऑप्टिकल माउसचा सेन्सर हात न लावताही थरथरतो. मॉनिटर सिग्नल गेल्यावर दुसरं इनपुट शोधत स्वतःच उजळत असेल, तर त्याच्या मेन्यूतलं ऑटो इनपुट बंद करा. डिस्प्लेपोर्टवरचे काही मॉनिटर बंद होताना केबल काढल्यासारखे गायब होतात आणि विंडो भलत्याच स्क्रीनवर जमा होतात. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली विंडोंची जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा.