'नाऊ' दिसलं की लगेच 'इज' करू नका

दहावीच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना एक खाडाखोड हमखास सापडते. गोष्टीत पोरानं बरोबर लिहिलेलं असतं, 'इट वॉज नाऊ डार्क'. मग 'नाऊ म्हणजे वर्तमानकाळ' हे आठवतं आणि चांगला 'वॉज' खोडून वर 'इज' येतो. मागचीपुढची सगळी वाक्यं भूतकाळात, मधेच हे एक उपरं.

अशा वेळी एवढंच बघा: हे 'आता' कुणाचं? लिहिणाऱ्याचं, की गोष्टीतल्या माणसाचं? गोष्टीतलं असेल तर 'वॉज'ला हात लावू नका. 'आता अंधार पडला होता' असं आपण मराठीत बिनदिक्कत म्हणतोच की! मघाशी उजेड होता, तो गेला, एवढंच तिथे 'नाऊ' सांगतो. शंका आलीच तर 'नाऊ'च्या जागी 'बाय देन' घालून वाचा. 'इट वॉज बाय देन डार्क' नीट लागतं, म्हणजे वाक्य ठीक आहे. पण फोनवर कुणाला 'आय वॉज बिझी नाऊ' म्हणालात तर चूक. तिथे 'आता' तुमचं स्वतःचं आहे, 'आय ॲम' हवं.

'टुडे'चं फार अवघड नाही. दिवस संपला नसला तरी भेट झालेली आहे, म्हणून 'आय सॉ हिम टुडे' चालतं. 'धिस मॉर्निंग' जरा जपून वापरा: दुपारी सांगताना 'आय मेट हर धिस मॉर्निंग' असंच म्हणा, 'हॅव मेट' फक्त सकाळ चालू असेपर्यंत. 'जस्ट नाऊ'ला साधा भूतकाळ, 'ही लेफ्ट जस्ट नाऊ'. नुसतं 'जस्ट' असेल तर अमेरिकन लोक 'ही जस्ट लेफ्ट' सर्रास म्हणतात, ब्रिटिश वळण 'ही हॅज जस्ट लेफ्ट'. बोर्डाच्या पेपरात हे ब्रिटिश वळणच लिहा, उगाच मार्क कशाला घालवायचे?

राहिला रिपोर्टेड स्पीच, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगणं. 'नाऊ'चं 'देन', 'टुडे'चं 'दॅट डे' हा गाईडमधला तक्ता परीक्षेत पाळा. बोलताना मात्र दिवस बघा. मावशी सकाळी फोनवर म्हणाली, 'आज येते', आणि तुम्ही ते दुपारी ऑफिसात सांगताय, तर 'शी सेड शी वॉज कमिंग टुडे' हेच बरोबर. तिथे 'दॅट डे' म्हणालात, तर समोरचा विचारेल, कुठल्या दिवशी?