स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी निवासी केंद्र कसं निवडावं

केंद्राचा शोध बहुतेक घरांत फार उशिरा सुरू होतो. माणूस पडतो, हॉस्पिटलात जातो, डॉक्टर सांगतात की आता घरी सांभाळणं जमणार नाही, आणि मग चार दिवसांत जिथे खाट रिकामी मिळेल तिथे त्याला नेऊन सोडलं जातं. माणूस एकदा जरी बाहेर पडून वाट चुकला, किंवा सांभाळणाऱ्याची झोप आठवड्यातून तीनतीनदा मोडायला लागली, की लगेच शोध घ्या. चांगल्या ठिकाणी प्रतीक्षायादी असते. नाव नोंदवलं म्हणजे पाठवावंच लागतं असं नाही.

आधी एक पान लिहून काढा

आजाराचा नेमका प्रकार, औषधं आणि त्यांची मात्रा, दिवसाच्या कोणत्या वेळी माणूस बिथरतो, कशाने घाबरतो, कशाने निवतो, संडास-लघवीला स्वतः जातो का, घास नीट गिळतो का, हे सगळं एका पानावर येतं. प्रकार महत्त्वाचा आहे. ल्युई बॉडी या प्रकारच्या स्मृतिभ्रंशात रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखं, बिथरणं शांत करायचं औषध दिलं तर शरीर ताठरू शकतं, जिवावरही बेतू शकतं. त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर हे ठळक लिहिलेलं हवं. केंद्रातल्या नर्सला याचा अर्थ समजावून सांगावा लागत असेल तर ते नाव यादीतून काढा.

फोनवर यादी तीनपर्यंत आणा

खाट कधी मिळेल, नर्स चोवीस तास आहे का, डॉक्टर किती दिवसांनी येतात, महिन्याचा सगळा मिळून खर्च किती. एवढं पुरे.

पहिली भेट वेळ ठरवून, फक्त इमारत बघायला

अर्ध्या तासात होते. फरशी चकचकीत नको. चमक या रुग्णांना पाणी वाटते आणि ते जागीच थबकतात. दाराशी काळं पायपुसणं नको, ते खड्ड्यासारखं दिसतं. संडासाचं दार खाटेवरून दिसावं, आणि कमोडची बैठक फरशीपेक्षा वेगळ्या रंगाची असावी. चालायची वाट बंद दारापाशी संपण्याऐवजी फिरून परत जागेवर यावी. बागेचं दार दिवसा उघडं असतं का ते स्वतः ढकलून बघा. कुलूपबंद बाग फोटोपुरती असते. वासाचं म्हणाल तर एका कोपऱ्यात वास येणं म्हणजे आत्ताच कुणाचं तरी झालंय, आणि सगळीकडे येणं म्हणजे ते रोजचं आहे. सुगंधी फवाऱ्याचा घमघमाटही त्याच जातीचा.

दुसरी भेट संध्याकाळी, न सांगता

निवड इथे होते, आणि बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात. सकाळी अकराला सगळीच केंद्रं बरी दिसतात. तुम्ही साडेचारला जा आणि सातपर्यंत थांबा, शक्यतो सुट्टीच्या दिवशी. उजेड उतरायला लागला की या आजारात अस्वस्थता वाढते. पाळी बदलण्याची आणि जेवणाची वेळही साधारण तीच. ज्या वेळी माणसांची सर्वांत जास्त गरज असते, त्याच वेळी ती कमी पडतात. खोल्यांत डोकावू देत नसतील तर त्यांचं बरोबर आहे. पण सगळे बसतात त्या दालनात खुर्ची टाकून बसूच देत नसतील, तर पुढे काही विचारायची गरज नाही.

बसल्यावर बोलू नका, बघत राहा. कुणीतरी आजी पिशवी घेऊन दाराशी येतील आणि म्हणतील, “मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल.” त्यावर “आजी, तुमची आई कधीच गेली” असं उत्तर देणाऱ्या मदतनिसाला कुणी काही शिकवलेलं नाही. ती बातमी आजींसाठी दर वेळी नवी असते, आणि त्या दर वेळी तेवढ्याच रडतात. शिकलेली मदतनीस शेजारी उभी राहते, “कशी होती हो तुमची आई?” म्हणून विचारते आणि बोलत बोलत दोन चकरा मारून आणते. तेवढ्यात पिशवी कधी खाली ठेवली गेली ते आजींना कळतही नाही.

जेवण भरवताना बघा. भरवणारा खुर्चीवर, डोळ्याला डोळा भिडेल असा बसलेला हवा. घास गिळला गेल्याची खात्री करूनच पुढचा चमचा उचलायला हवा. उभ्याने, दोन हातांनी दोघांना भरवलं की वर बघताना मान मागे जाते, घास श्वासनलिकेत उतरू शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. जेवणानंतर अर्धा तास ताठ बसवतात की लगेच आडवं करतात, हेही त्याच भेटीत दिसेल.

संडासाचं तर घड्याळ लावूनच बघा. कुणी कपड्यांशी चाळा करतोय, उठतोय, बसतोय, परत उठतोय, म्हणजे तो विचारतोय. त्याला शब्द सापडत नाहीत एवढंच. हे कुणाच्या लक्षात येतं का? “डायपर आहे ना, त्यातच होऊ दे” हे वाक्य कानावर पडलं तर तिथून निघा. स्वतः जाऊ शकणारा माणूस अशा ठिकाणी काही आठवड्यांत ती सवय गमावतो, आणि ओल्या कातडीवर बेडसोर लवकर होतात.

शांतता बघून तर अजिबात भुलू नका. संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांच्या माना छातीवर पडलेल्या आणि समोर टीव्ही चालू, याला लोक “किती शांत वातावरण आहे” म्हणतात. माणसं गुंगीत तरी आहेत, नाहीतर दिवसभर कुणी त्यांच्याशी बोललेलं नाही. चांगल्या ठिकाणी थोडा गलका असतोच.

माणसांचा हिशोब

“पाच जणांमागे एक कर्मचारी” हा माहितीपत्रकातला आकडा निरुपयोगी आहे. त्यात स्वयंपाकी आणि व्यवस्थापकही धरलेले असू शकतात, शिवाय तो दिवसाचा असतो. विचारायचं ते असं: “काल रात्री दोन वाजता या मजल्यावर किती रहिवासी होते आणि किती कर्मचारी जागे होते?” तोंडी उत्तर घेऊ नका, पाळ्यांचा तक्ता दाखवायला सांगा. उत्तर “एक” आलं तर त्याचा अर्थ समजून घ्या. पडलेल्या माणसाला उचलायला दोघं लागतात. एकच असेल तर तो दुसऱ्या मजल्यावरून कुणाला तरी बोलावतो, आणि तेवढा वेळ दोन्हीकडे लक्ष द्यायला माणूस अपुरा. तक्त्यावर महिन्या-महिन्याला नवी नावं येत असतील तर तेही वाईट, कारण हा आजार झालेल्या माणसाला ओळखीचा हात लागतो.

औषधं आणि बांधून ठेवणं

“इथे किती जणांना अँटिसायकोटिक औषधं चालू आहेत, आणि ती कमी करता येतील का हे कोण, किती दिवसांनी बघतं?” असं सरळ विचारा. ही बिथरणं, भास शांत करायची, हॅलोपेरिडॉलच्या जातीची औषधं. स्मृतिभ्रंश झालेल्या वयस्करांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या पिढीतल्या आणि २००८ मध्ये जुन्याही औषधांवर तसा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. म्हणून ती कधीच देऊ नयेत असं नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतोय आणि बाकी उपाय थकलेत, तेव्हा थोड्या मात्रेत, ठरावीक मुदतीपुरती द्यावी लागतात. रात्रपाळीत माणसं कमी आहेत म्हणून देणं हा गुन्हा मानावा.

हेड नर्सची एक परीक्षा घ्या. “शांत माणूस दोन दिवसांत एकदम मारायला धावू लागला, तर आधी काय कराल?” लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, दुखणं, नुकतं सुरू झालेलं औषध ही कारणं तिच्या तोंडून भराभर यायला हवीत. सांगता न येणारं दुखणं श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर निवणं या पाच गोष्टींवरून ० ते १० असं मोजतात. त्या मोजपट्टीला पेनॅड म्हणतात. ती वापरणारं केंद्र दुखण्याकडे लक्ष देतं. “झोपेची गोळी वाढवू” हे उत्तर आलं तर पुढचं केंद्र बघा.

खाटेच्या कठड्यांना सुरक्षितता समजू नका. गोंधळलेला माणूस कठड्यावर चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो, किंवा मधल्या फटीत अडकतो. जमिनीलगत येणारी खाट आणि बाजूला गादी, हा योग्य उपाय.

करारनामा

“काळजीची पातळी वाढल्यास” शुल्क वाढेल या ओळीखाली पातळ्या कोण ठरवतं आणि प्रत्येकीचे किती पैसे, ते लिहून घ्या. हॉस्पिटलात असताना जागा राखायचे पैसे, अनामत परत मिळायची मुदत आणि नोटिशीचे दिवस बघा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माणसाला परत घरी पाठवण्याची कारणं. “वर्तन अनियंत्रित झाल्यास” एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका. चिडचिड हा या आजाराचाच भाग आहे, आणि तिच्यासाठी हाकलणारं केंद्र तुम्हाला नेमक्या वाईट दिवशी रस्त्यावर आणेल. गेल्या वर्षी किती जणांना परत पाठवलं आणि का, हे विचारा. अंथरुणाला खिळल्यावर, शेवटपर्यंत ठेवतात का, हेही.

नेल्यानंतर

शक्य असेल तर आधी दोन आठवड्यांच्या तात्पुरत्या मुक्कामाने सुरुवात करा. स्वतःची उशी, पांघरूण, नेहमीची खुर्ची आधल्या दिवशी नेऊन मांडा. “रुळेपर्यंत पंधरा दिवस भेटायला येऊ नका” असं काही ठिकाणी सांगतात. ते ऐकू नका. रोज थोडा वेळ जा, वेळ बदलत जा, आणि निघताना मोठा निरोप न घेता जेवणाच्या ताटावर बसवून निघा. पहिल्या आठवड्यात वजन घ्यायला लावा, मग दर महिन्याला. महिन्यात ५ टक्के घट म्हणजे कुणीतरी ताट न बघताच उचलतंय किंवा गिळायला त्रास होतोय. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. चौथ्या आठवड्यात औषधांची चालू यादी मागा आणि तुम्ही लिहून दिलेल्या पानाशी ओळ-ओळ ताडून बघा. नवं नाव दिसलं तर ते कुणी, कधी आणि कशासाठी सुरू केलं हे लेखी घ्या.