पाण्यातील बाळंतपणाची इच्छा आणि घाईच्या कळा: सोलापुरात आधी काय ठरवावे

ज्या स्त्रीचे पहिले बाळंतपण चार-पाच तासांत उरकले, तिला दुसऱ्या वेळी कोमट पाण्याच्या टबात बाळंत व्हावेसे वाटले, तर टब केवढा आणि कसा हे विचारण्यापूर्वी तो भरायला किती वेळ लागतो, हे तिने विचारावे. नियमित कळा सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत बाळ जन्मले, तर वैद्यकात त्याला अतिजलद प्रसूती म्हणतात. पहिलटकरणीपेक्षा आधी बाळंत झालेल्या स्त्रीत ती अधिक आढळते, आणि एकदा असे घडले असेल तर पुन्हा घडेल असे धरूनच तयारी करावी. माझी दुसरी खेप पहिल्या कळेपासून दोन तास दहा मिनिटांत आटोपली. सिस्टरांनी हवा भरलेल्या टबात नळी सोडली तेव्हा गर्भपिशवीचे तोंड आठ सेंटिमीटर उघडले होते. पाणी घोट्याएवढे झाले आणि बाळाचे डोके दिसू लागले. बाळ खाटेवर झाले, सुखरूप झाले, आणि टब तसाच रिकामा करावा लागला.

पाण्याचा उपयोग काय, हे आधी नीट समजून घ्यावे, कारण याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कळा जोमात आल्यानंतर छातीपर्यंत कोमट पाण्यात बसल्याने वेदना सुसह्य होतात, पाठीतून भूल घेण्याची गरज कमी पडते आणि कळांचा काळही थोडा कमी होऊ शकतो, इतके बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. बाळ पाण्यातच जन्मावे की नाही, यावर मात्र एकमत नाही. अमेरिकेतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये असे मत दिले की, कळांचा काळ पाण्यात काढणे निरोगी स्त्रीला योग्य ठरू शकते, परंतु पुरेसा पुरावा नसल्यामुळे जन्म पाण्याबाहेरच व्हावा. ब्रिटनमध्ये मात्र जोखीम नसलेल्या स्त्रीला पाण्यातील जन्माचा पर्याय दाई देतात. माझे मत विचाराल तर, जिच्या कळा घाईच्या आहेत तिने पाण्यात जन्म हे उद्दिष्ट धरूच नये. पाण्यात कळा एवढेच धरावे. त्यातली पंधरा मिनिटे लाभली तरी ती कमी नाहीत.

कोणाला हा पर्यायच नाही, हे डॉक्टरांकडून सातव्या-आठव्या महिन्यातच स्पष्ट करून घ्यावे. जुळी, पायाळू बाळ, वाढलेला रक्तदाब, रक्तस्राव, ताप, ३७ आठवडे न भरलेले दिवस, गर्भजलात बाळाने केलेली शी, किंवा बाळाचे ठोके सतत मशिनवर पाहण्याची गरज, यांपैकी काहीही असले तर टबाचा विषय तेथेच संपतो. आधीचे सिझेरियन असेल तर निर्णय पूर्णपणे डॉक्टरांवर सोपवावा.

आता रुग्णालयाकडे वळू. ही सोय मोठ्या शहरांतही मोजक्याच ठिकाणी असते, आणि पुणे सोलापूरपासून सुमारे २५० किलोमीटरवर आहे. घाईच्या कळांत एवढा प्रवास करण्याचा विचारही करू नये. माहेर पुण्याचे असेल, तर ३६ आठवडे पूर्ण होताच डॉक्टरांच्या संमतीने तेथे राहायला जाणे हा एकच मार्ग उरतो. पण पहिले मूल, त्याची शाळा आणि घरातल्यांची नोकरी यांचा विचार करता तो प्रत्येकीला जमेल असे नाही. सोलापुरातच एखाद्या प्रसूतिगृहाने टब ठेवण्याची तयारी दाखवली, तर खालील प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावेत. टबात बाळंतपण करण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेली व्यक्ती रात्री दोन वाजताही हजर असेल का? बाळाचे ठोके ऐकण्याचे, पाण्यात चालणारे यंत्र (डॉप्लर) आहे का? टब भरायला किती मिनिटे लागतात? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, चक्कर आली किंवा बाळाचे ठोके घसरले तर ओल्या अंगाने मला बाहेर कोण आणि कसे काढणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चाचरत आले, तर तेथे टबाचा हट्ट सोडावा.

घरीच टब मांडण्याची कल्पना काहींना सुचते, म्हणून तिचा हिशेब मांडून दाखवते. बसल्यावर छातीपर्यंत पाणी यावे यासाठी टबात निदान ४०० लिटर पाणी लागते असे धरू. टाकीतील पाणी २७ अंश, गीझरमधील ६० अंश आणि हवे ३७ अंश, तर जवळजवळ १२० लिटर पाणी तापवावे लागते. आपल्या न्हाणीघरातील २५ लिटरच्या, दोन किलोवॅटच्या गीझरला एका खेपेस सुमारे अर्धा तास लागतो. पहिली खेप आधीच तापलेली असली तरी उरलेल्या चार खेपांना दोन तास जातात, म्हणजे टब भरत आला की बाळ झालेले असते. शिवाय शहराच्या बऱ्याच भागांत नळाला पाणी रोज येत नाही. उजनीचे पाणी येईल त्या दिवशी पिंप भरायचे की टब, हा प्रश्न कळांच्या वेळी सोडवत बसता येत नाही.

उन्हाळ्यात गच्चीवरील काळ्या टाकीचे पाणी दुपारी आपोआप तापते, तेव्हा गीझरची गरजच काय, असेही कोणी म्हणेल. मात्र कोमट, साचलेल्या पाण्यात लिजनेला नावाचे जंतू वाढतात. त्यांच्यामुळे होणारा न्यूमोनिया नवजात बाळांत विरळा असला तरी गंभीर असतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात २०१६ मध्ये घरी पाण्यात जन्मलेल्या दोन बाळांना हा संसर्ग झाल्याची नोंद आहे. म्हणून रुग्णालयातील टबाबाबतही पाणी कोठून येते आणि टब व नळी प्रत्येक वेळी कशाने धुतली जाते, हे विचारण्यात संकोच करू नये. पाण्याचे तापमान ३७.५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये आणि ते थर्मामीटरने तासातासाला तपासावे. मे महिन्यात खोलीच तापलेली असते, तेव्हा पंखा, पिण्याचे गार पाणी आणि कपाळावर ओला रुमाल यांची सोय हवी.

घरातून कधी निघावे, यावर सर्व काही अवलंबून आहे. पाच मिनिटांनी कळ येऊ लागेपर्यंत घरी थांबावे, हा नेहमीचा सल्ला तुमच्यासाठी नाही. कळा नियमित आहेत असे वाटताच, किंवा कळ नसतानाही पाणमोट फुटताच, प्रसूतिगृहाला फोन करून निघावे. खोट्या कळा निघाल्या तर परत येता येते. जुळे सोलापुरातून किंवा अक्कलकोट रस्त्याकडून शहरात यायला संध्याकाळी सात वाजता किती वेळ लागतो, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन मोजावे. दिवस जानेवारीच्या मध्यात भरत असतील तर सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे रस्ते टाळून दुसरी वाट ठरवून ठेवावी. गाडी मिळाली नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत येते आणि गरोदर स्त्रीसाठी १०२ क्रमांकही आहे. ठरलेल्या ठिकाणी पोहोचणे अशक्य झाले तर सर्वांत जवळची लेबर रूम कोणती, हे आधी लिहून ठेवावे; शहराच्या मध्यभागी राहणाऱ्यांसाठी ती बहुधा सिव्हिल असेल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय.

टब मिळाला नाही तरी पाणी मिळू शकते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. न्हाणीघरात प्लास्टिकच्या स्टुलावर पुढे वाकून बसावे, हात बादलीच्या कडेवर ठेवावेत आणि बहिणीने किंवा नवऱ्याने कोमट पाण्याचा तांब्या कमरेच्या खालच्या भागावर सावकाश ओतावा, कळ चढताना धार चालू आणि कळ उतरताना बंद. मला त्या दोन तासांतल्या पहिल्या अर्ध्या तासात याचाच आधार होता. मात्र न्हाणीघराची कडी आतून कधीही लावू नये, आणि अचानक शौचाला लागल्यासारखा दाब आला तर शौचालयात जाऊन बसू नये. घाईच्या कळांत तो दाब बहुधा बाळाच्या डोक्याचा असतो.

टबात असतानाच बाळ बाहेर आले, तर ते लगेच पण झटका न देता पाण्यावर आणावे, कारण नाळ आखूड असेल तर ओढल्याने तुटू शकते. आणि चेहऱ्याला एकदा हवा लागली की तो पुन्हा पाण्याखाली जाऊ देऊ नये. वार पडण्याच्या वेळी बाहेर खाटेवर येणे इष्ट असते. जलद बाळंतपणानंतर पिशवी नीट आकुंचन न पावल्याने रक्त जास्त जाऊ शकते, आणि टबातल्या लाल पाण्यावरून ते किती गेले हे सांगणे अवघड असते.

बाळ घरीच किंवा वाटेत आले, तर १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवावा. आईने जमिनीवर पसरलेल्या चादरीवर कुशीवर निजावे; डोके बाहेर येताना जोर न लावता फुंकर घालत राहावे, आणि बाळाला कोणीही ओढू नये. मानेभोवती नाळेचा सैल वेढा दिसला तर तो अलगद डोक्यावरून काढावा. सोलापुरी टर्किश टॉवेल येथे कामाला येतो: एकाने बाळ घासून कोरडे करावे, तो ओला टॉवेल बाजूला टाकावा आणि दुसरा कोरडा घेऊन आईच्या उघड्या छातीवर ठेवलेल्या बाळाला डोक्यासकट झाकावे. बाळ रडले नाही तर पाठ टॉवेलने जोराने चोळावी. नाळ कापू नये, वार ओढू नये, मध किंवा घुटी चाटवू नये. पहिल्या तासात आईचा चीकच पाजावा. कपड्यामागून कपडा रक्ताने भिजू लागला किंवा अर्ध्या तासात वार पडली नाही, तर रुग्णवाहिकेची वाट न पाहता मिळेल त्या गाडीने निघावे. चार टॉवेल, एक जुनी चादर, गर्भारपणाची फाइल आणि फोनचा चार्जर अशी पिशवी सदतिसाव्या आठवड्यापासून दाराशीच ठेवावी.