शिडाच्या जहाजावरचे दोर कसे ओळखायचे (पाठांतर न करता)

आयएनएस तरंगिणी कधी जवळच्या बंदरात लोकांना बघायला खुली ठेवली तर नक्की जा. गोवा शिपयार्डने बांधलेलं जहाज, १९९७ साली नौदलात आलं, ३ डोलकाठ्या, २० शिडं, आणि कठड्यापाशी ओळीने बांधलेले इतके दोर की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हे कुणाच्या लक्षात कसं राहत असेल. राहतं. फक्त नावांची यादी घेऊन घोकत बसू नका. मी दुसऱ्या एका जहाजावर तेच केलं होतं, सगळी नावं तोंडपाठ, आणि पहिल्याच रात्री काळोखात शेजारचा भलताच दोर सोडला, वरती शीड फाडफाड आपटायला लागलं आणि दोर तळहात सोलत निघून गेला.

तेव्हापासून एकच नियम पाळते. दोराला हात लावायच्या आधी नजर त्याच्याबरोबर वर न्यायची, तो कशाला बांधलाय बघायचं, आणि हा सोडला तर काय खाली येईल किंवा काय सुटेल ते स्वतःशी बोलायचं. नाव त्यातूनच कळतं.

आधी दोन गट करा. डोलकाठीला उभं धरून ठेवणारे दोर कायमचे ताणलेले असतात, त्यांना रोज कुणी हात लावत नाही, ते स्टँडिंग रिगिंग. पुढच्या दिशेने धरतात ते स्टे, बाजूने धरतात ते श्राउड, मागे ओढून धरतात ते बॅकस्टे. श्राउडवर आडव्या बांधलेल्या पायऱ्या म्हणजे रॅटलाइन, यावरून वर चढतात. चढताना हात मात्र उभ्या श्राउडलाच धरायचे, रॅटलाइन हाताने धरायची नाही, कारण ती तुटू शकते, श्राउड सहसा तुटत नाही. आणि वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूने चढा, वारा तुम्हाला दोरांवर दाबून धरतो.

उरलेले सगळे ओढायचे आणि सोडायचे दोर, रनिंग रिगिंग. हॅलियार्ड शीड किंवा यार्ड वर चढवतो (यार्ड म्हणजे चौकोनी शीड टांगलेली आडवी काठी). ब्रेस त्याच यार्डला वाऱ्याप्रमाणे डावीउजवीकडे फिरवतो. शीटबद्दल सगळ्यांचा गोंधळ होतो, शीट म्हणजे कापड नाही, शीट हा शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर आहे. तोच कोपरा परत वर यार्डकडे उचलतो तो क्ल्यूलाइन, आणि शिडाची खालची कड गोळा करून वर घेतात ते बंटलाइन.

म्हणजे बघा, हे दोर जोडीजोडीने एकमेकांच्या विरुद्ध काम करतात. चौकोनी शीड उघडायचं तर क्ल्यूलाइन आणि बंटलाइन सोडायच्या, शीट ओढायची, मग वर जाणारं यार्ड असेल तर हॅलियार्ड. बंद करताना उलटं. एकाला ओढताना त्याचा जोडीदार सोडायला कुणी उभं नसेल तर तुम्ही कितीही जोर लावा, काही हलणार नाही, आणि नवीन माणसाला वाटतं आपली ताकद कमी पडतेय.

जागेलाही शिस्त असते. खालच्या शिडांचे दोर बहुतेक पुढच्या खुंट्यांवर, जसजसं शीड वरचं तसतसा दोर मागच्या खुंटीवर. जहाजागणिक थोडाफार फरक पडतो पण एवढं धरून चाललात तरी निम्मं काम होतं.

आता हाताचं काम. खुंटी म्हणजे बिलेइंग पिन, कठड्याच्या फळीत भोकात बसवलेली. दोर आधी पिनच्या खालच्या टोकाला वळसा घालून घ्यायचा, मग वर, मग परत खाली, इंग्रजी आठसारखा, तीनचार वेळा. शेवटी गाठ मारायची नाही, ओझ्याखाली ती आवळून बसते आणि नेमकं घाईच्या वेळी सुटत नाही. सोडताना आठ उलगडायचे पण खालचा तो पहिला वळसा राहू द्यायचा, त्याच्यावरच सगळा भार पेलला जातो आणि दोर हळूहळू सरकवता येतो. ताणलेल्या दोराची पिन उपसून काढायची नाही, कधीच नाही, दोर एकदम सुटतो आणि समोरच्याला मारतो.

उरलेला दोर गुंडाळताना पिनकडून सुरुवात करा, मोकळ्या टोकाकडून नाही. नेहमीचा तीन पदरी दोर उजव्या पिळाचा असतो, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचा, मग पीळ मोकळ्या टोकातून निघून जातो. उलटा गुंडाळलात तर पीळ साठतो आणि पुढच्या वेळी दोर धावताना वरच्या कप्पीत गुंता जाऊन अडकतो. शीड सोडायच्या आधी वेटोळं खुंटीवरून काढून डेकवर उलटं ठेवा, म्हणजे पिनकडचे वेढे वर येतात आणि दोर सरळ धावतो.

एक अजून, मनिला किंवा तागाचे दोर भिजले की आखडतात, पावसाळ्यात सुती दोरीचं होतं तसंच. असे दोर असतील तर पाऊस यायच्या आधी थोडे सैल करावे लागतात, पॉलिएस्टरला हा त्रास नाही.

सरावासाठी संध्याकाळी काम संपलं की कठड्याच्या एका टोकापासून डोळे मिटून चालत जा, प्रत्येक पिनला नुसता हात लावा, ओढूबिढू नका, नाव मोठ्याने म्हणा, मग डोळे उघडून वर बघा. जिथे चुकलात तिथेच थांबून तो दोर नजरेने टोकापर्यंत गाठा आणि परत पहिल्या पिनपासून सुरू करा.