पाठ आहे, पण ऐनवेळी आठवत नाही? या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना भूगोल शिकवून मला चौदा वर्षं झाली, आणि दर बॅचला, म्हणजे खरंच दर बॅचला, कोणीतरी तास संपल्यावर मागे थांबतं आणि म्हणतं, सर माझी मेमरीच वीक आहे, वाचलेलं राहतच नाही. अरे, त्याच मुलाला आयपीएलच्या दहाही टीमचे प्लेअर तोंडपाठ असतात, कोण कुठून कुठे गेला, कोणाला कितीला घेतलं, सगळं. तिथे नवीन नाव आलं की त्याला बसायला जागा आधीच तयार असते, लेफ्ट आर्म बॉलर, गेल्या वर्षी अमक्या टीमकडे होता, झालं, बसलं. अभ्यासात ती जागा कोणी करतच नाही, नुसतं ओतत राहतात. डोक्यात माहिती सुटी राहत नाही, ती आधीच्या कशाला तरी धरून राहते, आणि धरायला काही नसेल तर आठवड्यात गळून जाते. खालच्या जवळपास सगळ्या चुकांच्या मुळाशी हेच आहे.

चूक 1: यादी पाठ करणं आणि जोडणी सोडून देणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे यावर जरा जास्त लिहिणार.

काही वर्षांपूर्वी, जुलैचा शेवट, घाटमाथ्यावर दोन दिवस नुसता धो धो पाऊस. वर्गात एक मुलगा होता, माळशिरस तालुक्यातला, अतिशय कष्टाळू. भीमेच्या उपनद्यांची त्याने पहिल्या अक्षरांची ट्रिक केलेली, कुकडी, घोड, भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, नीरा, माण, सीना, एका दमात म्हणून दाखवली. मी म्हटलं छान, आता सांग, आज खडकवासला धरणातून पाणी सोडलंय, पंढरपूरवाल्यांनी काळजी करायची का? गप्प. मग म्हणाला, सर, खडकवासला तर मुठेवर आहे आणि पंढरपूर चंद्रभागेवर. दोन्ही बरोबर! चंद्रभागा म्हणजेच भीमा हे पण त्याला माहीत होतं, मुठा पुढे भीमेला जाते हे तर आत्ताच ट्रिकमध्ये म्हणून झालेलं. तिन्ही गोष्टी पाठ, आणि तिघींची एकमेकींशी ओळखच नाही.

मी फळ्यावर पाणी वाहतं तसं काढत गेलो. टेमघर, पानशेत, वरसगाव या धरणांचं पाणी खडकवासल्यात, तिथून मुठा पुण्यात येते, संगमावर मुळा भेटते, मग मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, पुढे उजनी धरण. उजनीच्या खाली नीरा नरसिंगपूरला नीरा येऊन मिळते आणि मग पंढरपूर. म्हणजे उजनीत जागा असेल तर पुण्याचं पाणी तिथेच अडतं, धरण भरलेलं असेल तर पंढरपूरला काळजी. नीरेपाशी आलो तसा हा मुलगा उभाच राहिला. म्हणाला, सर, वीर धरणातून सोडलं की आमच्याकडे नदी फुगते, आजोबा म्हणायचे आता पंढरपुरात पाणी चढणार.

मला खरं सांगायचं तर त्या दिवशी वाईट वाटलं. ज्या नदीकाठी तो लहानाचा मोठा झाला ती नीरा आणि ट्रिकमधलं ‘नी’ या त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या वस्तू होत्या. घरून फुकट मिळालेलं एवढं पक्कं ज्ञान, आणि त्याला धरून एकही नाव बसवायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आम्ही शिक्षकांनी सुद्धा नाही.

यावर 1969 मध्ये गॉर्डन बॉवर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग मी प्रत्येक बॅचला सांगतो. एकूण 112 शब्द लक्षात ठेवायचे. एका गटाला ते नीट उतरंड लावून दिले, म्हणजे खनिजं, त्याखाली धातू आणि दगड, धातूंखाली दुर्मीळ, साधे, मिश्रधातू, अशा पद्धतीने. दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा तक्ता पण शब्द कुठेही टाकलेले. पहिल्याच फेरीत पहिल्या गटाला साधारण 65 टक्के शब्द आठवले, दुसऱ्याला 20 टक्के सुद्धा नाही. तेच शब्द, तेवढाच वेळ.

माझी सवय सांगतो. नवीन नाव आलं की दोन प्रश्न, हे कुठून येतं आणि पुढे कुठे जातं. नदीला तर सरळच लागू पडतात, पण इतिहासातल्या घटनेलाही लागतात, कायद्यालाही लागतात. उत्तर येत नसेल तर ते नाव अजून आपलं झालेलं नाही. ट्रिकला माझा विरोध नाही, पण ट्रिक क्रम देते, संबंध देत नाही. आधी नकाशा, मग हवी तर ट्रिक. ‘100 ट्रिक्समध्ये अख्खा भूगोल’ असल्या पीडीएफ फिरवणाऱ्यांनी मुलांचं फार नुकसान केलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

चूक 2: ओळखीचं वाटलं म्हणजे येतं असं समजणं

तिसऱ्यांदा वाचताना सगळं सोपं वाटतं, हायलाइटरने पिवळं झालेलं पान बघून बरं वाटतं. ते डोळ्यांना ओळखीचं झालेलं असतं, बस. समोर चेहरा बघून ‘हो हो, यांना कुठेतरी पाहिलंय’ म्हणणं वेगळं आणि चेहरा समोर नसताना नाव आठवणं वेगळं.

रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे फार छान दाखवलं. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवणारे बरेच पुढे. आणि गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. घाईतली मुलं इथेच फसतात, कारण त्यांना पाच मिनिटांनंतरचाच रिझल्ट दिसतो.

मी काय करतो, तर रात्री जेवणाआधी एक पाठकोरा कागद घेतो, पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवतो (शेजारी ठेवलं की हात जातोच) आणि आज जे वाचलं ते आठवेल तसं लिहितो, बाण काढत. दहा मिनिटं. मग पुस्तक आणून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. पहिले पंधरा दिवस कागद जवळपास लालच असतो आणि मुलं घाबरून सोडून देतात. सोडू नका, लाल दिसणं चांगलं आहे, निदान कुठे पोकळी आहे ते तरी कळतं.

चूक 3: एकाच चित्रावर अख्खी संकल्पना उभी करणं

पक्षी म्हटलं की चिमणी डोळ्यासमोर येते, शहामृग येत नाही. 1970 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एलिनॉर रॉश यांनी दाखवलं की मन प्रकार साठवताना काटेकोर व्याख्येपेक्षा असे ठळक नमुने वापरतं. यात चूक काही नाही, चूक तिथेच थांबण्यात आहे. ज्वालामुखी म्हटलं की मुलांना शंकूसारखा डोंगर आणि वर धूर दिसतो, मग मी विचारतो सह्याद्रीचा दगड कुठला, तर बसॉल्ट सांगतात, मग तो आला कुठून, तर शांतता. कारण शंकू कुठे दिसत नाही ना! साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा येत राहिला, थरावर थर बसले, घाटात दिसणाऱ्या पायऱ्या त्याच. या थरांना दख्खन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दच जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. प्रत्येक संकल्पनेला एक नेहमीचं आणि एक विचित्र उदाहरण लिहून ठेवा, विचित्र जास्त शिकवतं.

चूक 4: जुना चुकीचा समज न काढता त्यावर नवीन रचणं

‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते’ असं मानणारी पदवीधर मुलं मला दरवर्षी भेटतात. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्याकडे थंडी असताना. ऋतू होतात अक्ष कललेला असल्यामुळे. हे सांगितलं की वहीत लिहून घेतात, आणि महिन्याभराने विचारलं की काय उत्तर येतं माहितीये? अक्ष कलल्यामुळे पृथ्वी जवळ येते म्हणून! जुनी रचना नवीन माहितीला आपल्या आकारात वाकवून घेते. मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी 1932 मध्येच लिहिलंय की माणूस गोष्ट आठवताना ती आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतो. म्हणून मी धडा सुरू करायच्या आधी मुलांना आपापला समज लिहायला लावतो, चुकीचा असला तरी, आणि नंतर त्यावर स्वतःच्या हाताने काट मारायला लावतो. वेळ जातो, जाऊ दे.

बाकीच्या पटापट

सारख्या नावांच्या गोष्टी एकाच बैठकीत पहिल्यांदा वाचू नका. पूर्णा दोन आहेत, एक तापीला मिळते, एक गोदावरीला. मुळा पण दोन, एक पुण्याची आणि एक प्रवरेला मिळणारी. एक आधी पक्की करा, दोन दिवसांनी दुसरी, मग दोन्ही एका नकाशावर शेजारी.

टॉपरचा माइंडमॅप झेरॉक्स करून भिंतीला लावू नका. तो त्याच्या डोक्याचा नकाशा आहे.

धड्याचं नाव आणि मथळे न बघता थेट पहिल्या ओळीपासून सुरू करू नका. विषय आधी कळला तर मजकूर लक्षात राहतो, नंतर कळून तितकासा उपयोग होत नाही, 1972 मध्ये ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी कपडे धुण्यावरच्या एका साध्या उताऱ्यावर हे करून दाखवलंय.

आणि रिव्हिजन नेहमी पहिल्या धड्यापासून करू नका. त्या क्रमाने सगळं येतं पण मध्येच विचारलं की गाडी अडकते, पेपर सेट करणारा तर मध्येच विचारणार. मी नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवतो, कोणतीही काढायची आणि तिथून दोन्ही दिशांना चालत जायचं. काल कोयना निघाली, तर पोरांनी कराडच्या प्रीतिसंगमापासून सुरुवात केली, खाली कृष्णेबरोबर नरसोबावाडीला पंचगंगेपर्यंत गेली, मग परत उलटी वर निघाली, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी ओरडली, सर, कोयना आणि कृष्णा दोघी महाबळेश्वरलाच उगम पावतात, म्हणजे कराडला त्या परत भेटतात!