अमेरिकेत घटस्फोट घेताना लग्नातलं सोनं, आहेर आणि भारतातला फ्लॅट कसा वाटायचा

अमेरिकेतलं घर, गाडी, बँकेतले पैसे यांची वाटणी वकील बघून घेतात, त्याचे रस्ते ठरलेले आहेत. डोकं फिरतं ते लग्नातल्या सोन्यावरून, कारण ते सोनं बरेचदा अमेरिकेत नसतंच, ते असतं पुण्यात नाहीतर नाशकात सासूबाईंच्या लॉकरमध्ये. म्हणून सुरुवात तिथून करा, घर-गाडी नंतर.

वकिलाचं मीटर सुरू व्हायच्या आधी एक एक्सेल शीट उघडा आणि प्रत्येक वस्तूपुढे एवढंच लिहा: कोणी दिली, कोणाला दिली, आज कुठे आहे, पुरावा काय. पाटल्या वेगळ्या, तोडे वेगळे, ठुशी वेगळी, चांदीची ताटं वेगळी. नुसतं "दागिने अंदाजे तीस तोळे" लिहिलं की समोरचा वकील त्याचे तुकडे करतो. सोनाराची बिलं असतील तर उत्तमच, पण ती बहुतेक वडिलांच्या नावावर असतात आणि अर्धं सोनं आईचं जुनं मोडून केलेलं असतं, त्यामुळे लग्नाचा अल्बम आणि व्हिडिओ काढून बसा, कोणत्या विधीला अंगावर काय होतं ते स्क्रीनशॉटसकट नोंदवा. आणि आहेराची वही! मांडवात बसून ज्या काकांनी पाकिटं लिहून घेतली त्यांच्याकडे ती वही अजून असेल, तिच्या पानांचे फोटो मागवा. खरं तर लग्नातल्या भेटींची सह्या केलेली यादी ठेवायचा नियम भारतात १९८५ पासून आहे, पण लग्नाच्या धामधुमीत तो कोण बघतो.

आता कोणाचं काय. भारतीय कायद्यात इथे फारशी संदिग्धता नाही. नवरीला माहेरून, सासरहून, नातेवाइकांकडून जे मिळालं ते तिचं स्त्रीधन, आणि प्रतिभा राणी खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच सांगितलंय की ते सासरच्यांच्या ताब्यात असलं तरी ते फक्त सांभाळणारे, मालक नाहीत, परत द्यायला नकार दिला तर विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. २०२४ मध्ये कोर्टाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली जी मुलीकडच्यांनी नीट वाचावी: तिने अधिकार दिल्याशिवाय वडीलसुद्धा तिचं स्त्रीधन परत मागू शकत नाहीत. तर बाबांना परस्पर केस ठोकू देऊ नका, आधी लेखी अधिकार द्या. मुलाला घातलेली चेन, अंगठी, घड्याळ त्याचं, त्यावर उगाच वाद घालू नये. दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंबद्दल हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ आहे, घटस्फोट देणारं कोर्टच त्याचं ठरवू शकतं.

अमेरिकेत ढोबळ नियम असा की एकाला दिलेली भेट त्याची एकट्याची, दोघांना दिलेली दोघांची. बाकी कमाई-मालमत्तेचं राज्यावर अवलंबून. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, ॲरिझोना धरून नऊ राज्यांत लग्नानंतरची कमाई दोघांची सामायिक मानतात, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, इलिनॉयसारखीकडे जज न्याय्य वाटेल तशी वाटणी करतो. टेक्सास सामायिकवाल्या यादीत असलं तरी तिथे बरोब्बर अर्धं-अर्धं मिळेलच असं धरून चालू नका.

आई-बाबांनी घरासाठी पाठवलेले पैसे हा एक वेगळाच घोळ. डाउनपेमेंटला तिकडून पैसे आले की कर्ज देणारी बँक गिफ्ट लेटर मागते, आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की हे पैसे परत करायचे नाहीत. आता घटस्फोटाच्या वेळी "ते बाबांनी उसने दिले होते" म्हणालात तर तेच पत्र तुमच्यासमोर ठेवलं जाणार. त्यावर नाव कोणाचं, एकाचं की दोघांचं, हे आधी तपासा. आणि भेटीचे पैसे जॉइंट खात्यात जाऊन पगारात मिसळले असतील तर ते तुमचेच हे दाखवायला जुनी स्टेटमेंट्स लागतात, ती आत्ताच डाउनलोड करून ठेवा, नंतर लॉगिन बंद झालं की बोंबला.

सोन्याची किंमत काढताना इन्शुरन्सचं अप्रेझल घेऊ नका, त्यात नवीन घ्यायला काय पडेल तो आकडा असतो, विकायला गेलात तर तेवढे कोणी देत नाही. त्यापेक्षा वजनावर आणि कॅरेटवर वाटणी करा, भांडण निम्मं होतं.

भारतातल्या फ्लॅटचं एक लक्षात घ्या. अमेरिकेतला जज पुण्याच्या फ्लॅटवरचं नाव बदलू शकत नाही, तो फक्त समोरच्या माणसाला "सही करून दे" असा आदेश देऊ शकतो. म्हणून सेटलमेंटमध्ये "इंडियातली प्रॉपर्टी आपापसात बघून घेऊ" असलं वाक्य अजिबात नको. फ्लॅट नंबर, सोसायटी, लॉकर कुठल्या शाखेत, किल्ली कोणाकडे, कोण कधीपर्यंत काय सही करणार, नाही केली तर काय, सगळं लिहून घ्या. तिकडे जाता येत नसेल तर पॉवर ऑफ ॲटर्नी वकिलातीतून किंवा अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) करून पाठवा, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत तिच्यावर मुद्रांक शुल्क भरा. राहतं घर नवरा-बायकोत बक्षीसपत्राने दिलं तर राज्यात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे (वर स्थानिक कर वगैरे), पण घटस्फोटाचा हुकूम निघाला की तुम्ही नवरा-बायको राहत नाही, तेव्हा हस्तांतरण आधी की नंतर हे तिथल्या वकिलाशी बोलूनच ठरवा. फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही लागेल.

शिवाय तो हुकूम भारतात चालला पाहिजे. लग्न हिंदू पद्धतीने झालंय आणि एकाने अमेरिकेत एकतर्फी घटस्फोट मिळवला, दुसरा हजरच नव्हता, तर भारतातली कोर्टं तो मानतीलच असं नाही, १९९१ च्या नरसिंह राव निकालापासून हे असंच आहे. दोघांनी मनापासून संमती दिली असेल आणि तशी नोंद असेल तर पुढे फ्लॅट विकताना अडत नाही.

समोरचा भारतातली एफडी लपवतोय असं वाटलं तर जुने एफबार (परदेशातल्या खात्यांची अमेरिकन सरकारला द्यायची माहिती) काढा. परदेशातल्या खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली की तो भरावा लागतो, त्यात बँकांची नावं आणि वर्षातली सर्वांत मोठी रक्कम असते. भरलाच नसेल तर तो वेगळा विषय, टॅक्सवाल्याला गाठा.

४०१के, म्हणजे नोकरीतून मिळणारं निवृत्तीचं खातं, वाटायला नुसतं सेटलमेंट पुरत नाही, क्वाड्रो नावाचा वेगळा कोर्टाचा आदेश लागतो, तो घटस्फोटासोबतच करून घ्या. आणि दोघांपैकी एक जण कायमचा भारतात परतणार असेल तर थांबा: घटस्फोटात नवरा-बायकोने एकमेकांना दिलेल्या मालमत्तेवर अमेरिकेत सहसा टॅक्स लागत नाही, पण घेणारा टॅक्सच्या हिशोबाने अमेरिकेचा रहिवासी नसेल तर ही सवलत मिळत नाही. शेअर्स, घर द्यायचं असेल तर तो परतायच्या आधी द्या.

एच-४ वर, म्हणजे नवरा किंवा बायकोच्या वर्क व्हिसाच्या आधाराने अमेरिकेत असलेल्यांनी तर तारखेकडे फार लक्ष द्यावं, हुकूम निघाला की तो दर्जा जातो. त्यामुळे लॉकर उघडायला भारतात जायचं असेल तर परत कुठल्या व्हिसावर यायचं हे इमिग्रेशन वकिलाला विचारूनच तिकीट काढा, आणि सोबत एक्सेल शीटची प्रिंट, तिकडची ओळखीची दोन माणसं आणि वजनकाटा आणू शकेल असा सोनार घेऊन जा, जे हातात मिळेल त्याची पावती तिथेच दोन्ही बाजूंच्या सह्यांनी करा.